एक डाग धोतरावर, एक दंडावर

१९८२ साल. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि आपल्याला जे कळायचं ते कळून झालं, अशा समजुतीत होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही निजामाच्या अमलात, उर्दूतून. मराठी अक्षरं पुढं एसटीच्या पाट्या वाचून लावली. धंदा बैलांच्या दलालीचा. देवणी गोऱ्हा लांबून चालत येताना दिसला की त्याच्या मालकाला ठाऊक नसलेली खोड मी सांगायचो. असल्या माणसाला पुस्तकाची काय गरज?

त्या साली दोन गोष्टी एकदम झाल्या. पाऊस आला नाही आणि जिल्हा आला.

आमचा उदगीरचा भाग उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेला. आभाळात ढगाचा पत्ता नाही, विहिरीत बेडूकसुद्धा बोलत नाही आणि माणसं गुलाल उधळून राहिलेली. हॉटेलवाल्यानं दूध नव्हतं म्हणून गुळाचा काळा चहा पाजला, पण फुकट पाजला. पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. दुकानांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडायचं आणि लातूर लिहायचं. मी तर छाती काढून फिरत होतो. माझा जन्म बिदर जिल्ह्यातला, लग्न आणि लेकरू उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आता म्हातारपण लातूर जिल्ह्यात जाणार, आणि घर तेच, उंबरा तोच. एका जागी बसून तीन जिल्हे फिरलेला माणूस आहे मी.

बाजाराची मात्र कळा गेली होती. वैरण नाही म्हणून जो तो बैल विकायला आणायचा, घेणारा औषधाला सापडायचा नाही. दलालाला अशा वेळी काम काय? घरी बसायचं आणि घरच्यांच्या कामात नाक खुपसायचं.

घरी आम्ही तिघं. मी, बायको आणि पोरगी. पोरगी बारावीला, सायन्सला, रोज एसटीनं उदगीरला जायची. त्यातच माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं, देगलूरकडचं स्थळ आणलं. मुलगा शहाणा, घर खातंपितं. त्यांचं म्हणणं एवढंच की दसऱ्याच्या आत सुपारी फुटावी आणि पोरीचं कॉलेज बंद व्हावं. मी निम्माशिम्मा हो म्हणून बसलो होतो. दुष्काळात लग्न बरं पडतं, माणसं कमी येतात, रुसणारेही कमी. पोरीला मात्र बारावी पुरी करून पुढं लातूरला शिकायला जायचं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली, एवढंच. आधी ती मनात वाचायची.

एका संध्याकाळी कानावर आलं की पोटाच्या आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं.

"काय वाचून राहिलीस?" मी म्हणालो.

"आपलं अंग, दादा. अंग सगळं बारीक पेशींचं असतं. एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार. जुन्या झडतात, नव्या येतात."

"कुणाच्या अंगात?"

"तुमच्या."

"माझ्या अंगात? मला न इचारता?"

बायको भाकरी थापता थापता हसली. पोरीनं पुढं वाचलं. अंगावरची वरवरची कातडी महिना-सवा महिन्यात सगळी नवी होते. रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिने टिकतात आणि हाडाच्या आतल्या मगजात नव्या तयार होत राहतात. कलेजीच्या पेशी एरवी निवांत असतात, पण इजा झाली की कामाला लागतात. हाडसुद्धा हळूहळू बदलतं, त्याला वर्षंच्या वर्षं लागतात.

"आणि मेंदूच्या पेशी," ती म्हणाली, "एकदा झाल्या की झाल्या. त्या पुन्हा दुभंगत नाहीत. जन्मभर त्याच."

"हे मला लगीन झालं तवाच कळलं हुतं," बायको म्हणाली. "त्याला पुस्तक कशाला पायजे?"

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. बाहेर चिमणीला टिपायला दाणा उगवलेला नाही, आणि ही पोरगी म्हणते माझ्या अंगात बारमाही पेरणी चालू आहे! पोट म्हणजे मेथीचा वाफा, आज टाकला की आठवड्यात वर. रक्त म्हणजे खरिपाची ज्वारी, चार महिन्यांचं पीक. हाड म्हणजे आंब्याचं झाड, लावणाऱ्यानं घाई करायची नाही. आणि डोकं? डोकं वेशीवरचा धोंडा. आणि एवढ्या शिवारात पाणी कुठनं येतं म्हणावं? मी बसल्या जागी हलकाच झालो. निजामाच्या शाळेत मौलवीनं ज्या तळहातावर छडी मारली तो हात आता कुठं आहे? गेला झडून! मार त्याचा त्याला परत.

पण मी दलाल. माल कितीही आवडला तरी तोंडावर दाखवायचा नाही.

"खोटं हाय," मी म्हणालो.

"पुस्तकात हाय, दादा."

"पुस्तक खोटं हाय. तुझ्या आईच्या हातावर बघ. गोंदण. सहा-सात वर्षांची होती तवाचं. कातडी महिन्याला नवी होती, तर ते गेलं का न्हाई? आन असलं खोटं शिकाया लातूरला जायचं? त्यापरीस सुपारी फुटलेली बरी."

पोरगी आईच्या हाताकडं बघत राहिली. मी जिंकलो होतो, आणि ती भाकरी अर्धी टाकून उठली तेव्हा मला जेवणही गोड लागलं. तिचं तोंड बघून मग जरा कमी गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरली ती पळतच. पिशवी ओट्यावर टाकली आणि आधी आईला विचारलं, "आई, गोंदलं तवा रगत आलं हुतं का?"

"आलं म्हंजी? मी बोंबलून सगळी वाडी गोळा केली हुती."

"हां! दादा, कातडीला दोन मजले असतात. सरांना इचारून आले. वरचा मजला झडतो, पुन्यांदा बांधतात. खालचा ऱ्हातो. रगत खालच्या मजल्यात. गोंदणाची सुई रगत काढती, म्हंजी रंग खालच्या मजल्यात जाऊन बसला. वरचं भाडेकरू बदलतात, त्यो मालक हाय."

बरं बोलली. पण मला ही तऱ्हा ठाऊक होती. बैल लंगडला की विकणारा म्हणतो, खुरात खडा गेलाय; खडा निघाला नाही की म्हणतो, लांबचा प्रवास झालाय. खोड दाखवली की दुसरा मजला काढायचा. मी म्हणालो, "मंग वरच्या मजल्यावर डाग टाकून दाखव. बिब्बा आण."

बिब्बा आमच्याकडं घरोघर असतो. त्याला दाभण टोचून दिव्यावर धरली की काळं तेल सुटतं. धोबी त्यानंच कापडावर खूण करतो. कापड फाटतं, खूण जात नाही. पुष्कळांना बिब्बा उततो, अंगावर फोड येतात. आमच्या घराण्यात उतत नाही. मी तसं बजावून सांगितलं आणि सदरा काढला.

"एक ठिपका माझ्या दंडावर, एक ह्या धोतराच्या पदरावर. एकाच बिब्ब्याचा, एकाच टायमाला. दोन्ही ऱ्हातील. डाग ऱ्हाईला तर सुपारी फोडायची, कॉलेज बंद, आन डोळ्यात पाणी आणायचं न्हाई."

"आन दंडावरला गेला तर?"

"तर तू म्हनशील तवर सुपारी न्हाई."

"किती दिवसांत?"

इथं मी माझ्या धंद्याची रीत काढली. बैलाचा भाव आमच्यात तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, रुमालाखाली एकमेकाची बोटं धरतात. बोट म्हणजे आकडा. भोवती माणसांची गर्दी असते, पण काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. आणि एकदा रुमाल उचलला की शब्द फिरत नाही. फिरवला तर बाजारात त्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही. मी खांद्यावरचा पंचा आमच्या दोघांच्या हातावर टाकला. एक बोट म्हणजे एक आठवडा.

"काय करून राहिले हो बापलेक?" चुलीपासून बायकोनं विचारलं.

"बाजार," मी म्हणालो.

पोरीनं माझी तीन बोटं धरली. मी मान हलवली. काही नाही, ही सवय. समोरच्यानं पहिली बोटं धरली की मी मान हलवतो, मग त्यात तोटा मालकाचा असो की माझा. तिनं चार धरली. मी तोंड कडू केलं. ती म्हणाली, "दादा, परवडत न्हाई." मी म्हणालो, "जनावर बघ, चाल बघ." ती म्हणाली, "दुष्काळ हाय." मी म्हणालो, "दुष्काळ काय जन्माला पुरतोय?" आणि मीच तिचा सगळा पंजा आवळला. तिनं कुरकुर करत मान डोलावली. रुमाल उचलला.

मग मी दंडाला बिब्बा लावून घेतला, धोतराला लावला, पाणी प्यालो, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता माझ्या ध्यानात आलं. आठवडे जितके जास्त तितका डाग जायला वेळ. मला कमी करायचे होते! आयुष्यभर बैलाच्या मालकाच्या बाजूनं उभं राहून भाव चढवला, इथंही चढवला. पोरगी पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. पुस्तक थरथरत होतं. हसू दाबल्यावर थरथरतं तसं.

पुढचे दिवस माझे डागाची राखण करण्यात गेले. आंघोळीला पाणी नव्हतंच, त्यामुळं दुष्काळ माझ्या बाजूचा. मिळालं तांब्याभर तर तो हात मी वर धरून आंघोळ करायचो. बायको म्हणायची, "यष्टी थांबवून ऱ्हायलेत का?" खाज सुटायची. घराण्यात बिब्बा उतत नाही म्हणून मी खाजवलं नाही. पारावर लोक विचारायचे, दाजी, हात असा का धरलाय? मी सांगायचो. एकाला सांगितलं की आतलं पोट आठवड्याला बदलतं. तो म्हणाला, "मंग माझं कालपास्न का दुखतंय? नवं हाय म्हून?" दुसरा म्हणाला, "कातडी महिन्याला बदलती तर सावकाराला सांगतो, घेतलं त्यो माणूस गेला." सगळा पार लोळायला लागला. इतकं हसलेले लोक मी त्या साली पुन्हा पाहिले नाहीत. खरं सांगायचं तर मी स्वतः डाग बघायला दिवसातून कितीदा सदरा वर करायचो त्याला गणती नाही. दुष्काळात माणूस ढग बघतो, मी दंड बघत होतो.

तीन आठवडे झाले तेव्हा डाग होता. कडा कुरतडलेल्या, रंग काळ्याचा तपकिरी झालेला, पण होता. पोरीची पहिली तीन बोटं मी घेतली असती तर त्या दिवशी जिंकलो असतो. चौथ्या आठवड्यात बारीक कोंडा सुटायला लागला. एके दिवशी चौकोनी झाला, मग भाताच्या शितासारखा. धोतरावरचा डाग होता तसा, ठणठणीत. तो तर दर खेपेला धुतलाही होता.

"त्याला काय झालंय?" मी पोरीला विचारलं.

"धोतर मेलेलं हाय, दादा. त्येच्यात काय बी नवं येत न्हाई. तुम्ही जित्ते हाव."

पाचवा आठवडा भरला त्या सकाळी मी उन्हात उभा राहिलो. दंड उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला. बायकोला बोलावलं, तिनं थुंकी लावून बघितलं. काही नाही. स्वच्छ. जिथं डाग होता ती जागासुद्धा दाखवता येईना. मी हरलो होतो आणि मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. पाच आठवड्यांत मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही, पाऊस पडला नाही, आणि माझ्या अंगावर नवा दंड आला होता! मी अख्ख्या गल्लीत सदरा काढून फिरलो. म्हातारी माणसं मला उन्हात बसू नको म्हणाली.

त्याच आठवड्यात मेव्हणा देगलूरचे पाव्हणे घेऊन दारात हजर. त्याला कुणी पैजेचं सांगितलं नव्हतं. बायकोनं शिरा केला होता. मुलाचा बाप धिप्पाड माणूस, डोक्याला पटका, बोलण्यात मधूनच तेलुगू. त्यांच्याकडं बरं म्हणायला सरे म्हणतात. मेव्हण्यानं सुपारी पुढं ठेवली.

"दाजी, फोडा."

आतल्या दाराशी पोरगी उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. भिंतीकडं बघत होती. पाव्हणे दारात, भाऊबंद ओट्यावर, अशा वेळी घरातल्या पैजेला कोण विचारतं, हे तिलाही ठाऊक होतं.

मी सुपारी उचलली आणि मेव्हण्याच्या हातात परत दिली. "ह्ये आता माझ्या हातात न्हाई. मी रुमालाखाली शब्द देऊन बसलोय."

"कुणाला?"

"तिला."

मेव्हणा उठून उभा राहिला. "दाजी, टकुरं फिरलं का? पोरीच्या जातीशी पैजा? पाव्हण्यांना देगलूरवरनं आणून बसवलं मी!"

"रुमालाखाली हात पोराचा का पोरीचा, रुमालाला कळत न्हाई."

मग सगळं सांगावं लागलं. पोट, रक्त, दोन मजले, बिब्बा. दंड दाखवला, धोतर दाखवलं. मेव्हणा कपाळाला हात लावून बसला. मुलाचा बाप मात्र पुढं सरकला. माझा दंड त्यानं बोटांनी चाचपला, जनावराचा चाचपतात तसा.

"किती बोटं ठरली हुती?" त्यानं विचारलं.

"पंजा."

"पोरगी किती म्हनली हुती?"

"तीन."

"मंग चढवली कुणी?"

मी धोतराचा पदर झटकला. तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग त्याच्या पोटातून असं हसू सुटलं की पटका मागं सरकला. "अरं द्येवा! म्यां बी बैलंच विकतो की हो! गेल्या साली घरात कांदं घ्यायला बसलो आन मीच भाव चढवून आलो. मालकीण अजून बोलती." डोळे पुसत तो मेव्हण्याकडं वळला. "सरे, सरे. पाव्हणं, उठा. रुमालाखालचं मोडा म्हनलं तर मला देगलूरच्या बाजारात कोन उभं करंल?" आणि दाराकडं बघून म्हणाला, "बाई, तू शिक. निस्ती बाजारात येऊ नगंस. आमी उपाशी मरू."

शिरा झालाच होता, तो सगळ्यांनी खाल्ला. मेव्हण्यानं रुसून का होईना, दोनदा घेतला.

पाव्हणे गेल्यावर पोरगी ओट्यावर येऊन बसली. पुस्तक आणलं नव्हतं.

"दादा, एक इचारू? त्या दिवशी बोटं तुम्ही मुद्दाम चढवली का?"

मी खरं काय ते वर सांगितलंच आहे. सवय. पण तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला वाटलं, असेल बुवा मुद्दामसुद्धा. हाताला काय माहीत असतं ते कुणी सांगावं.

"सौदा झाल्यावर दलाल बोलत नसतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि तिथंच खांबाला टेकून तिला झोप लागली. बऱ्याच दिवसांची राहिली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या एसटीनं तिच्याबरोबर उदगीरला गेलो. कॉलेजात सर होते, तरणेच, मला बघून दचकले. त्यांना वाटलं पोरीचं नाव कॉलेजातनं काढायला आलोय. मी म्हणालो, "मला माझ्या पेशी बघायच्या हायती." पोरीनं काडीच्या बोथट टोकानं माझ्या गालाचं आतलं अंग खरवडलं, काचेवर पुसलं, निळा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग तिनं एक चाक फिरवलं, आणि एकदम फरशीच्या तुकड्यांसारखे निळे तुकडे, एकमेकाला चिकटलेले, प्रत्येकात एक गडद ठिपका. मी "आगं आगं आगं" म्हणालो, एवढंच तोंडून निघालं. दारात पुढच्या तासाची पोरं येऊन थांबली होती, सर घड्याळ बघून राहिले होते. मी डोळा न काढता हातानं मागं चाचपलं, स्टूल सापडलं, ते ओढलं आणि बसलो.